आमच्या शिदोरीचा इतिहास

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा संपादिका भगिनींचा निरोप आला, तेव्हा "मला काय लिहिता येणार?" असे म्हणून मी टाळणारच होते. पण त्याच आठवड्यात चांगदेवच्या सहलीची बैठक भरली. जेवणाचा विषय निघाला तशी आमची एक तरुण सभासद म्हणाली, "मावशी, शिदोऱ्या कशाला बांधायच्या? रस्त्यावर धाब्यांची काय कमी आहे? एक फोन केला की पंचवीस ताटे तयार." तिचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. पहाटे चारला उठून भाकरी थापायच्या, डबे भरायचे आणि मग सहलीला निघायचे, तर त्या बाईच्या वाट्याला सहल आली कुठे? मला तेव्हा उत्तर सुचले नाही. घरी आल्यावर मात्र ही शिदोरी आपल्याबरोबर कुठून कुठे चालत आली, ती कोणी बांधली, कोणी सोडली आणि सोडताना शेजारी कोणाला बसू दिले, याचा विचार मनात घोळू लागला. तेच आज वाचक भगिनींपुढे मांडते.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. शिधा म्हणजे कोरडा, न शिजवलेला जिन्नस : पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची. शिदोरी म्हणजे शिजवून, फडक्यात बांधून घेतलेले आणि वाटेत सोडून खायचे अन्न. संस्कृतात तिलाच पाथेय म्हणतात. लांबच्या प्रवासाला दोन्ही लागत. पहिले दोन-तीन दिवस शिदोरीवर निघत. पुढे मुक्कामाला तीन दगडांची चूल मांडून शिधा शिजवावा लागे.

आपला मुलूख तर प्रवाशांच्या वाटेवरचाच. तापीकाठाने बऱ्हाणपूर गाठायचे, अशीरगडाला वळसा घालून नर्मदा ओलांडायची आणि उत्तरेकडे जायचे, ही दक्षिणेतून हिंदुस्थानात जाण्याची जुनी वाट. काशीयात्रेला जाणारे यात्रेकरू, व्यापाऱ्यांचे तांडे आणि फौजा या वाटेने गेल्या. १७६० च्या मार्च महिन्यात परतूरजवळून निघालेली सदाशिवरावभाऊंची फौज बऱ्हाणपुरावरूनच पुढे गेली. तिच्याबरोबर बायकामुले होती, तीर्थयात्रेच्या आशेने निघालेली मंडळीही होती. पुढे पानिपतावर रसद तुटली आणि उपासमारीने गांजलेल्या त्या फौजेला १४ जानेवारी १७६१ रोजी लढाईला उभे राहावे लागले. इतिहासाची पुस्तके या लढाईतल्या तोफांविषयी पुष्कळ सांगतात. त्या फौजेतल्या बायकांनी शेवटचे पीठ कसे पुरवून पुरवून वापरले असेल, याची कल्पना ज्या बाईने घरात टंचाई पाहिली आहे तिलाच करता येईल.

त्या वाटांवर वाटसरूचे गाठोडे कधी ना कधी रिते होणारच, हे ओळखले तेही एका स्त्रीनेच. १७६७ ते १७९५ या काळात महेश्वराहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या व अन्नछत्रे चालविली. जिथे घरची शिदोरी संपते तिथे दुसऱ्याचे अन्न सुरू व्हावे लागते, नाहीतर वाट पुढे जात नाही, हे त्यांना उमगले होते.

शिदोरी टिकवणे ही मात्र घरातल्या बाईची विद्या. ती कोणी पोथीत लिहिली नाही. सासूने सुनेला आणि आईने लेकीला हाताने दाखवली. ओल राहिली की अन्न विटते, हे तिचे पहिले सूत्र. म्हणून नुसत्या पाण्यात भिजवलेल्या भाकरीपेक्षा दुधात भिजवलेली दशमी बरी. ती दोन-तीन दिवस मऊ राहते. गूळ घातला तर लेकरे नुसतीच खातात. तिखटमिठाच्या पुऱ्या तेलात तळलेल्या, म्हणून टिकाऊ. ठेच्यात मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मीठ, वर तेलाचा हात. कळण्याची भाकरी ज्वारी आणि उडदाच्या पिठाची. ती पोटाला आधार देते. सातूचे पीठ तर प्रवासासाठीच जन्माला आले म्हणायचे! गहू आणि हरभऱ्याची डाळ भाजून दळायची, सोबत गुळाचा खडा द्यायचा; चूल नको, सरपण नको, पाण्यात कालवले की जेवण झाले. बांधायला आपल्याकडे केळीची पाने हवी तितकी. पान विस्तवावरून जरा फिरवून घेतले की लवचीक होते, घडी घालताना फाटत नाही. वर धुतलेले फडके, आणि त्याची अशी गाठ की ती एका हाताने सुटावी, पण गाडीच्या हिसक्याने सुटू नये.

आपल्याकडचे वरण-बट्टीचे जेवणही याच विद्येतले. यात्रेच्या गाडीत कणीदार पिठाची पिशवी, तेलाची बुधली, डाळ आणि वांगी घालायची. तळावर गोवऱ्यांचा विस्तव केला की बट्ट्या भाजायला पोळपाट लागत नाही की तवा. पुढे हेच जेवण लग्नाच्या पंगतीत आणि हॉटेलात गेले, पण त्याची सोय पाहिली तर ते मूळचे तळावरचेच असावे, असे मला वाटते.

दशमीच्या दुधामागे आणखी एक कारण होते, तेही सांगितले पाहिजे. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांत पाण्यात शिजवलेले अन्न प्रवासात चालत नसे. त्याला विटाळ लवकर होतो असे मानीत. दुधात भिजवलेले किंवा तुपात तळलेले चाले. म्हणजे आपण ज्याला आज चवीचा पदार्थ म्हणतो, त्याच्या पिठात जातिभेदही मळलेला होता. वाटेत कोणाच्या हातचे खावे लागू नये, कोणाचे पाणी घ्यावे लागू नये, हाही शिदोरीचा एक हेतू होता. आपल्या आज्यापणज्यांच्या हाताचे कौतुक करताना ही गोष्ट झाकून ठेवणे बरे नाही.

आता ही शिदोरी बांधणारी बाई कुठे होती? बहुतेक वेळा उंबऱ्याच्या आत. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीतून फिरून आले आणि त्यांनी लिहून ठेवलेला 'माझा प्रवास' १९०७ मध्ये छापला गेला. मराठीतले ते मोठे मोलाचे पुस्तक. पण अशा पुस्तकांचा कर्ता पुरुष, प्रवासीही पुरुष. ज्या बाईने पहाटे उठून त्याचे गाठोडे बांधले, तिचा प्रवास चुलीपासून दारापर्यंत. शेतावर न्याहारी नेणे आणि माहेरी जाणे, एवढेच तिचे परगाव.

याला आपल्या भागात एक मोठा अपवाद होता, तो यात्रेचा आणि वारीचा. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ, आणि जवळच मेहूण-कोथळीला मुक्ताबाईचे स्थान. वयाने लहान असलेल्या मुक्ताबाईला योगी चांगदेवांनी गुरू केले, ही कथा आपण सर्वजणी जाणतोच. माघात महाशिवरात्रीला तिथे यात्रा भरते, आणि ज्येष्ठात मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते. बुलढाणा, जालना, बीड अशी महिनाभराची ती पायी वाट महाराष्ट्रातल्या सर्वांत लांबच्या पालखी-वाटांपैकी एक आहे. देवाचे नाव घेतले की बाईला घरातून निघता येत असे. अशा वेळी तिने बांधलेल्या शिदोरीतला पहिला घास कधीमधी तिच्याच तोंडात पडे.

मग आगगाडी आली. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. तो लोहमार्ग पुढच्या दहा-बारा वर्षांत भुसावळवरून पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. आपले वरणगाव स्टेशन याच मार्गावरचे. १८७० मध्ये भुसावळ, खांडवा, जबलपूर या बाजूने मुंबई-कलकत्ता रस्ता जोडला गेला. ज्या काशीला जायला महिने लागत, निघताना घरच्यांचा कायमचा निरोप घ्यावा लागे, ती काशी दोन-तीन दिवसांवर आली. शिध्याचे ओझे संपले. शिदोरीचे महत्त्व मात्र वाढले, कारण डब्यात चूल मांडता येत नाही.

माझ्या आजेसासूबाई भुसावळहून नाशिकला कुंभमेळ्यासाठी गेल्या होत्या, ती हकीकत त्या नेहमी सांगत. बरोबर कडीचा पितळी डबा आणि फिरकीचा तांब्या. तांब्याचे झाकण फिरवून घट्ट बसे, त्यामुळे गाडी हलली तरी पाणी सांडत नसे. डबा आतून कल्हईचा, आणि तरीही त्यात लोणचे ठेवायचे नाही, हा नियम. आंबट पितळेला लागले तर अन्न कळकते. पण त्यांच्या लक्षात राहिला होता तो स्टेशनवरचा पाणीवाला. त्या काळी फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशी वेगळी भांडी असत आणि तसा पुकारा होई. आजेसासूबाईंनी दोन्ही घेतले नाही. घरचा तांब्या संपला तशा त्या संध्याकाळपर्यंत कोरड्या घशाने बसल्या. "शेजारी एक बाई होती, तिनं आपला तांब्या पुढं केला, मी तोंड फिरवलं," असे त्या सांगत. सांगताना त्यांचा आवाज खाली येई.

रेल्वेने सगळ्यांना एका बाकावर बसवले खरे, पण मनाचे बाक वेगळेच राहिले. याची सर्वांत जळजळीत हकीकत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत लिहिली आहे. साल १९०१. ते नऊ-दहा वर्षांचे होते. थोरला भाऊ आणि बहिणीची मुले यांच्यासह ते साताऱ्याहून गाडीने मसूरला उतरले; वडील नोकरीनिमित्त खटाव तालुक्यातील गोरेगावला होते. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांची जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर एकाने दुप्पट भाडे घेतले, तेही मुलांनीच बैल हाकायचे आणि आपण बाजूने चालायचे, या अटीवर. बरोबरच्या टोपलीत अन्न भरपूर होते. पण पाणी द्यायला वाटेत कोणी तयार नव्हते, आणि पाण्यावाचून घास उतरत नव्हता. रात्री ती पोरे भरली टोपली उशाशी घेऊन उपाशी झोपली.

भगिनींनो, ही हकीकत वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले. शिदोरीचे सगळे शास्त्र आपण जाणतो, ती किती दिवस टिकेल हे सांगतो. पण शेजारच्याने तांब्याभर पाणी दिले नाही तर भरल्या टोपलीचाही उपयोग नाही, हे त्या पोरांच्या वाट्याला आले. आणि हे दूर साताऱ्याकडचे म्हणून आपण सुटत नाही. १९२९ मध्ये बाबासाहेब धुळ्याहून परतताना आपल्या जिल्ह्यातल्या चाळीसगावला उतरले, तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना घेऊन जाण्यास नकार दिला; एका नवख्याने हाकलेला टांगा वाटेत उलटला आणि त्यांना दुखापत झाली.

याच मातीत दुसराही एक प्रवाह होता. वारकऱ्यांनी गोपाळकाल्याची कथा जिवापाड जपली आहे. श्रीकृष्ण आणि त्याचे सवंगडी रानात बसले, प्रत्येकाने आपापली शिदोरी सोडली, सगळे एकत्र कालवले आणि वाटून खाल्ले. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपुरात हा काला होतो आणि मग वारकरी परततात. वर्षानुवर्षे हा काला गोड मानून खाणाऱ्या समाजाने विठोबाच्या देवळाचे दार मात्र अस्पृश्यांना बंद ठेवले होते. ते उघडावे म्हणून आपल्या खानदेशात, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलेले साने गुरुजी मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी ते सुटले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. शिक्षक उपाशी राहिला, तेव्हा कुठे काल्याचा अर्थ लोकांना लागला.

त्याआधी डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन झाले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू, गांधीजी स्वतः हजर, आणि बांबू-बोरूसारख्या गावच्या सामानातून नंदलाल बोस यांनी केलेली सजावट. आमच्या घरची बैलगाडी तिथे गेली होती. आजेसासूबाईंनी तीन दिवसांच्या दशम्या बांधल्या आणि त्या स्वतःही गेल्या. देवाचे निमित्त नसताना घराबाहेर पडल्याची ती त्यांची पहिलीच वेळ. तळावर शेजारच्या अनोळखी गाडीतल्या बायकांशी ठेच्याची आणि चटणीची देवाणघेवाण झाली. "कोण होत्या?" असे मी विचारले, तर म्हणाल्या, "इचारलंच नाही." रेल्वेत तोंड फिरवणारी बाई इतकी बदलली होती.

आता आपल्या मंडळाचे. मी लग्न होऊन वरणगावला आले ते सत्तरच्या दशकात. ऑर्डनन्स फॅक्टरी १९६४ मध्ये सुरू झाली होती, त्यामुळे वसाहतीत निरनिराळ्या मुलखांतली कुटुंबे आली होती. गावातल्या आणि वसाहतीतल्या बायका मंडळात एकत्र येत. मी पहिल्यांदा सहलीला गेले ती चांगदेव-मुक्ताबाईच्याच. एस.टी. ठरवली होती. दर्शन झाले, संगमावर सावली पाहून डबे उघडले. आळीआळीच्या बायकांचे घोळके झाले. एक सभासद मात्र लांब लिंबाखाली एकटीच बसली. पाणीही तिने घरून आणलेलेच प्यायली. तिला कोणी जा म्हटले नाही, तसे कोणी ये म्हणूनही म्हटले नाही. मी नवी सून. माझ्या पानात दशमी होती, तिच्याकडे माझे लक्ष होते, पण मी हाक मारली नाही. घरी आल्यावर आजेसासूबाईंनी सहज विचारले, कोण कोण आलं होतं, कशा बसल्या होत्या? मी सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग ती एकटी जेवली? अन् तुह्या तोंडात घास गेला?"

पुढच्या वर्षी त्या स्वतः आल्या. वय झाले होते, बसमध्ये चढताना दोघींनी हात धरावा लागला. संगमावर त्यांनी घरून आणलेले घोंगडे अंथरले, मधोमध आपले फडके सोडले आणि प्रत्येकीला नाव घेऊन बोलावले. लिंबाखालच्या त्या भगिनीला त्यांनी आपल्याशेजारी बसवले आणि तिच्या डब्यातली भाजी आधी मागून घेतली. कोणी भाषण केले नाही. एक-दोघी जरा मागेपुढे झाल्या, मग बसल्या. त्या वर्षापासून आपल्या सहलीत एकच अंथरूण पडते. आजच्या सभासदांना हे नेहमीचेच वाटते; ते कधीतरी सुरू व्हावे लागले, एवढे त्यांना माहीत असावे म्हणून लिहिले.

त्यानंतर पुष्कळ पाणी तापीतून वाहून गेले. पितळेच्या जागी स्टील आले, फिरकीच्या तांब्याच्या जागी प्लॅस्टिकची बाटली आली. राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) मार्गावर एस.टी.ची पहिली बस धावली होती. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.ने स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवास दिला, आणि एकट्यादुकट्या बायका माहेरी, बाजाराला, देवाला जाताना सर्रास दिसू लागल्या. शिदोरी बांधणारी आता स्वतः खिडकीशी बसते, हा या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत आनंदाचा भाग वाटतो. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हा धुतलेले फडके आणि केळीचे पान यांचीच आठवण सर्वांना झाली, याचीही मौज वाटली.

तेव्हा बैठकीतल्या त्या तरुण भगिनीला माझे उत्तर असे. पहाटे चारला एकट्या बाईने उठू नये, हे तुझे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. आमच्या आज्यांचा तो कष्ट आपण पुढे चालवावा असे मी मुळीच म्हणत नाही. पण ताटे मागवली की प्रत्येकीपुढे आपले वेगळे ताट येते, आणि कोणाला कोणाकडे काही मागावे लागत नाही. म्हणून यंदा प्रत्येकीने एकच पदार्थ आणावा. तो घरातल्या कोणीही करावा. यजमानांनी भाकरी थापली तरी ती गोडच लागेल, आणि जमली नाही तर फुटाणे-गूळ आणावा. भात-भाजी हवी तर धाब्यावरून घ्यावी. मात्र सगळे एका अंथरुणावर, मधोमध सोडावे. शिवाय प्रत्येकीने आपल्या आळीतल्या, कधीच कुठे न गेलेल्या एकीला बरोबर आणावे. अशा बायका अजून आहेत. त्या आपल्याला सहलीसाठी डबा भरून देतात आणि दारात उभ्या राहतात.

माझ्याकडून दशम्या आणि आजेसासूबाईंचे ते घोंगडे येईल. ते विरले आहे, पण सहा-सात जणी अजून सहज बसतील. बाकीच्यांनी सतरंज्या आणाव्यात. मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा देऊन हे लिहिणे पुरे करते.